मागून लिहिलेली पानं

"शून्य, काका," मोईज अकोल्याहून फोनवर म्हणाला, आणि उद्धवरावांना आधी वाटलं, पोरगा अकोल्याचं तापमान सांगून थट्टा करतोय. कारण त्या मंगळवारी सकाळी अकरालाच अमरावतीचा रस्ता असा तापला होता की डांबर येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला ठेवून घेत होतं, आणि खिडकीतल्या कूलरनं वारा देणं सोडून नुसते उसासे टाकायला सुरुवात केली होती. "शून्य म्हणजे काय रे?" "शून्य मंजे शून्य. तुमी काल इचारलं ना, श्रावणीताईचं पान आजवर किती लोकायनं पाहिलं? तुमचं पाहणं सोडलं तं एकानंबी नाही. मले वाटलं मशीन येडी झाली, म्हणून बाकीचे पान तपासले. आपल्या लग्नाच्या साइटवर दोनशे चौदा पानं हायेत, काका. गूगलले एकशे त्रेसष्टच ठाऊक हायेत. एक्कावन्न पानं त्यानं कधी पाहिलीच नाहीत." "कोणती एक्कावन्न?" उद्धवरावांनी विचारलं खरं, पण प्रश्न तोंडातून सुटायच्या आधीच उत्तर त्यांना ठाऊक होतं. "मागची," मोईज म्हणाला. "ज्या बायांचे नवरे गेले, त्यायची. समदीच्या समदी." स्वयंपाकघरात श्रावणी कसलासा डबा घासत होती. आपल्या लेकीला ऐकू जाईल म्हणून त्यांनी फोन कानाशी इतका दाबला की कानाची पाळी दुखायला लागली, आणि त्या दुखण्याचाच त्यांना जरा आधार वाटला.

वधूवर सूचक मंडळ त्यांच्या वडिलांचं. मंडळ म्हणजे काय, तर एक लाकडी पेटी, एक जाड लाल वही आणि वडिलांची जीभ. वडील भिक्षुकी करत आणि थापा मारत, आणि दोन्हींत अख्ख्या वऱ्हाडात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कौंडण्यपूरला वर्धेला पूर आला, नवरी या काठावर, नवरा त्या काठावर, मुहूर्त टळत चाललेला, तेव्हा मी मंगलाष्टकं अशी खड्या आवाजात म्हटली की पाणी दचकून हातभर खाली गेलं आणि अक्षता नदीवरून उडत जाऊन नेमक्या नवऱ्याच्या मुंडावळ्यांत अडकल्या, असं ते सांगत. आणि गंमत म्हणजे ते जोडपंही म्हातारपणी तसंच सांगायला लागलं होतं. त्या वहीत पहिल्या पानावर गणपती, मग मुली, मग मुलं. बायको गेलेले बिजवर पुरुष मुलांच्याच रांगेत, शेवटी का होईना. आणि विधवा बाई आली की वडील वही बंद करत, उलटी फिरवत, डोकं खाली धरत आणि शेवटच्या पानापासून लिहायला लागत. एखाद्या मुलीचा बाप चाळायला बसला तर शुभ नावं संपेपर्यंत त्याच्या नजरेला ही नावं पडू नयेत, आणि पडलीच तर पाय वर, डोकं खाली. लहानग्या उद्धवला वाटायचं, या बायका वटवाघळांसारख्या कुठंतरी छताला लटकून झोपत असतील. पण त्या वहीतली एक गोष्ट त्यांना आत्ता, एकसष्टाव्या वर्षी, घामानं ओला झालेला फोन हातात धरून कळत होती. बिजवर गडी आला की वडील स्वतःच्या हातानं वही फिरवून त्याच्या पुढ्यात ठेवत. साइटवर सगळं वडिलांसारखंच मांडलं होतं, फक्त वही फिरवणारा हात तिथं नव्हता.

तीन वर्षांपूर्वी, शाळेतून निवृत्त झाल्यावर, त्यांनी मोईजकडून ही साइट करून घेतली, तेव्हा बजावून सांगितलं होतं, "त्या बायकांचं वेगळं ठेव. पहिल्या पानावरून तिकडे जायची वाट नको. लोक लग्न जमवायला येतात, पहिलंच हे दिसलं तर उठून जातील. पत्ता मी ज्याला द्यायचा त्याला तोंडी देईन." तो पत्ता असा होता, इंग्रजी अक्षरं, आडव्या रेघा, मध्येच आकडे, की तोंडी सांगून आजवर एकालाही लागला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या काचेला मात्र त्याची चिठ्ठी डकवलेली होती. ते चिठ्ठीत बघून एका बोटानं टाइप करत, पान उघडे, फोटो हळूहळू कपाळापासून हनुवटीपर्यंत खाली उतरे, आणि त्यांना वाटे, हे असंच आत्ता दिल्लीत, दुबईत, जगभर उतरतंय. त्या वर्षांत नावं वाढतच चालली होती. वर्तमानपत्रं शेतात जीव दिलेल्या नवऱ्यांची मोजदाद करत होती, रोज चौकटीत आकडा छापत होती; मागं राहिलेल्या बायकांची मोजदाद, कोणाला हवी असती तर, उद्धवरावांकडे होती. पण ती कोणाला नको होती. अर्जात नवरा कसा गेला असा रकाना होता, आणि तो कोरा ठेवायचा हाही त्यांचाच नियम.

आणि मग सोमवार. दर सोमवारी तेल्हाऱ्याहून शकुनचा फोन. त्या मागच्या पानांवरचीच एक, अंगणवाडीत मदतनीस, पदरात एक मुलगी, आवाज असा की फोनातूनही मान खाली घातलेली दिसावी. "भाऊ, आलं का वो काही?" नाही म्हणायला किती लागतं? एक श्वास. पण वडिलांचं रक्त आडवं आलं. "आलं ना! काल पुसदच्या एका बँकेतल्या माणसानं तुझं पान पाहिलं. विचार करतो म्हणाला." "हो का वो?" शकुन म्हणाली, आणि तिचा आवाज इतका उजळला की उद्धवरावांनी त्या माणसाला लगेच चष्मा लावला, स्कूटर दिली, गुडघे दुखणारी आई दिली. पुढच्या दोन सोमवारी आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग त्यांना त्या माणसाचं काहीतरी करणं भाग पडलं. "त्याचं नाही जमत म्हणतो गं. पण वाशिमचा एक कंपाउंडर आहे..." असे किती बँकवाले, किती कंपाउंडर, किती बोअरवेलवाले त्यांनी जन्माला घातले आणि वेळ आली की परत नेले. धीर द्यायचा, एवढंच. या थापेनं कोणाचं वाईट होत नाही, अशी त्यांची खात्री होती. आता ती खात्री त्यांच्यासमोर उलटी लटकली होती. ज्यांना कोणी कधी पाहिलंच नाही, त्या बायकांना त्यांनी तीन वर्षं, सोमवारमागून सोमवार, पटवून दिलं होतं की तुम्हाला पाहिलं, नीट पाहिलं, आणि नको म्हटलं.

एक्कावन्नावं पान श्रावणीचं. जावई नांदगाव खंडेश्वरच्या एका विनाअनुदानित शाळेत नऊ वर्षं बिनपगारी शिकवत राहिला आणि दहाव्या वर्षी गेला. कसा गेला, ते या घरात कोणी पुऱ्या वाक्यात बोलत नाही. तिचं पान करताना मोईजनं विचारलं होतं, "हे बी मांगंच ठेवू, काका?" आणि त्यांनी, पोटच्या पोरीसाठी नियम मोडला असं लोक म्हणतील म्हणून, मान डोलावली होती. तिच्यासाठी त्यांनी तीनच माणसं घडवली, पण काळजीपूर्वक. यवतमाळचा प्राध्यापक, हिंगणघाटचा इंजिनियर आणि एक वकील, ज्याला त्यांनी गाव द्यायलाही भीत भीत चिखली दिलं. आणि परवा रविवारी, भाजी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, गुरुवारी मी नांदगावला जाते. सासूबाईंना आता दिसत नाही. तिथेच राहीन." "अगं, पण इथे..." "तिघांनी पाहिलं ना? तिघांनी नको म्हटलं. मला चौथ्याची वाट बघायची नाही. माझा फोटो कोणीतरी बघत बसलंय, या विचाराचीच शिसारी येते आता." म्हणून, केवळ म्हणून, सोमवारी त्यांनी मोईजला फोन करून खरा आकडा मागितला होता. शंभर नको, दहा नको. एकजण तरी असेल, खरा, हाडामांसाचा, ज्याचं नाव तिला सांगता येईल.

"बाबा, जेवायला वाढू?" श्रावणीनं आतून विचारलं. "मी अकोल्याला जाऊन येतो," ते म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू अकोला कोपऱ्यावर होता.

बसमध्ये खिडकीचा लोखंडी गज हाताला चटका देत होता आणि तरी त्यांनी तो सोडला नाही. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, दोन्हीकडे नांगरून उताणी पडलेली काळी रानं, भेगा अशा की त्यांत बैल नव्हे, बैलगाडी उतरावी. त्यांच्या डोक्यात एक वेडा हिशेब चालू होता. आज मंगळवार. आज वाट जोडली, उद्या बुधवारी कोणी पाहिलं, एकानं जरी पाहिलं, तर गुरुवारी सकाळी तिला थांबवता येईल. फक्त एकानं. मग त्यांना भीती वाटली की तो एक आलाच तर तिला तो खरा वाटणार नाही, आधीच्या तिघांइतका खरा तर नाहीच. प्राध्यापकाला त्यांनी किती मन लावून घडवलं होतं. त्याला विड्याच्या पानात लवंग लागायची.

ताजनापेठेतल्या गल्लीत खाली मोईजच्या चुलत्याचं गाद्या-रजयांचं दुकान आणि वरच्या खोलीत मोईजचे दोन कॉम्प्युटर. खाली कापूस पिंजला की वर कीबोर्डवर बर्फ पडल्यासारखं व्हायचं, आणि मोईज दर दहा मिनिटांनी फुंकर मारून मग टाइप करायचा. "बसा, काका. पाणी प्या आधी, तोंड कसं झालं तुमचं." "पाणी नको. सांग मला, का नाही दिसत?" मोईजनं फुंकर मारली. "हे पाहा. गूगलचा एक कोळी असते. जाळ्यावाला. तो तुमच्या पहिल्या पानावर येते. तिथून जितक्या वाटा हायेत, तितक्या धरून पुढं जाते, या पानावरून त्या पानावर. जे पान लागलं ते लिहून घेते. वाट नसंल तं तो उडी मारत नाही. तुमच्या नवऱ्या पोरी कशा, एकीच्या पानाखाली दुसरीचं नाव, 'हेही पाहा' म्हणून. एकमेकींकडे बोट दाखवतात. या एक्कावन्न जणींकडे कोणाचंच बोट नाही. ना पहिल्या पानाचं, ना एकमेकींचं. अशा पानाले अनाथ पान म्हणतात आमच्यात." उद्धवराव काचेकडे पाहत राहिले. एक्कावन्न जणींपैकी कितीतरींचे बाप जिवंत होते. एकीचा तर इथंच खुर्चीवर बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून. "तू मला सांगितलं का नाहीस?" "मी?" मोईज हसला नाही. "काका, तुमीच म्हणाले वाट नको. मले वाटलं तुमच्या धरमात असं असंल. मी कायले बोलू? एकच गोष्ट इचारणार होतो तवा, पण तुमी मोठे. बिजवर माणसं तं पहिल्या पानावर हायेत ना? त्यायच्या बी बायका मेल्याच हायेत."

खाली कापूस पिंजायच्या धुनकीचा आवाज चालू होता, तुणंग, तुणंग. "जोड," उद्धवराव म्हणाले. "कुठून?" "पहिल्या पानावरून. गणपतीच्या खाली. मुली आणि मुलं यांच्या मध्ये." "समदे मुलीवाले बोंबलतील." "बोंबलू दे. आणि एकमेकींनाही जोड. प्रत्येकीच्या पानाखाली दुसरीचं नाव लाव." मोईज दोन तास टाइप करत होता. पहिल्या पानापासून दोन पावलांत प्रत्येकीपर्यंत पोचता यायला पाहिजे, असं तो मध्येमध्ये पुटपुटत होता, आणि उद्धवराव प्रत्येक नावाला, हात न जोडता, मनात नमस्कार करत होते. शेवटी मोईजनं एक यादी पाठवली, सगळ्या पानांची, कोळ्याला. "बोलावणं धाडलं. आता येणं त्याच्या मर्जीवर." "उद्या येईल?" "दोन दिवसांत येईल, नाहीतर तीन हप्त्यांनी." "अरे, त्याला सांग, गुरुवारच्या आत ये." मोईजनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू काका पावसाला तार करायला निघाले होते. "काका, जा घरी. उन्हात फिरू नका."

संध्याकाळी घरी आले तेव्हा श्रावणी पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होती. बॅग उघडी होती. त्यांनी बसमध्ये शंभर वेळा जुळवलेली वाक्यं दारातच सांडली. वाट नव्हती, ते म्हणाले. कोणी पाहिलं नाही. तुला नाही, कोणालाच नाही. मीच ठेवली नव्हती. आणि ती माणसं, ते तिघं... "तिघांचं काय?" "नाहीत ती. मी केली." श्रावणी हातातली घडी तशीच धरून उभी राहिली. कूलरची टाकी रिकामी होऊन तो खडखडायला लागला तरी उभी होती. "प्राध्यापक नाही?" "नाही." "बाबा, मी वर्षभर भांडतेय त्याच्याशी." ती हळू बोलत होती, एखादा हिशेब चुकला असावा तशी. "अंघोळ करताना. कणीक मळताना. त्याला सांगतेय की तू कोण मोठा लागून गेलास, लवंग खाऊन. त्याचा चेहरासुद्धा आहे माझ्याकडे. तो नाहीच?" उद्धवरावांना तिनं ओरडावं असं वाटत होतं, थाळी आपटावी, शेजारपाजार गोळा करावा. तिनं साडीची घडी पुरी केली आणि बॅगेत ठेवली. "आणि त्या पन्नास जणी? त्याही भांडत असतील ना कोणाकोणाशी?" "मी वाट जोडून आलोय त्यांना." "त्यांना सांगितलंत?" त्यांनी चपला काढायला मान खाली घातली. "मग उद्या सांगा," ती म्हणाली. "एकेकीला. मी समोर बसते. तुम्हाला एकट्याला सोडलं तर तुम्ही पुन्हा कोणालातरी जन्माला घालाल."

बुधवारी सकाळी सात वाजता पहिला फोन शकुनला. श्रावणी समोर, हातात पेन्सिल, मांडीवर नावांची यादी. शकुनचा फोन गेले सात-आठ सोमवार आला नव्हता आणि उद्धवरावांना, लाज वाटेल असं, सुटल्यासारखं झालं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. पुसदवाला नव्हता, कंपाउंडर नव्हता, कोणीच नव्हतं, तुझं पान कोणाला दिसतच नव्हतं. पलीकडे कोंबडी ओरडली, कोणीतरी बादली ठेवली. "मंजे," शकुन म्हणाली, "मी कोणाले आवडली नाही, असं नोतं?" "नाही गं. तुला कोणी पाहिलंच नव्हतं." "मी तं आरशात पाहणं सोडलं होतं, भाऊ." ती थांबली. "आता काय. आखाजीच्या मुहूर्ताले झालं माझं लगन. तुमच्याकडून काही येईना, मंग भावानं उरकवलं. चोपन्न वर्साचा हाये. मारत नाही." मग एकदम तिचा आवाज खाली आला, तोंडाशी पदर धरून बोलावं तसा. "भाऊ, तुमी काल वाट जोडली म्हणता. मंजे आता दिसंल का माझं पान?" "दिसेल. दोन दिवसांत, कदाचित..." "काढा वो ते! मालकाच्या पुतण्याच्या मोबाइलमंदी समदं उघडते, दिवसभर तेच पाहत राहते. लगन झाल्यावर बी ही नवरा शोधून राहिली म्हणतील. घरात ठेवणार नाहीत मले. भाऊ, पाया पडतो, आत्ता काढा!"

त्यांनी मोईजला फोन लावला. "थांबव त्याला." "कोणाले?" "कोळ्याला! शकुनचं पान काढ आधी, आत्ता, मी फोन धरून आहे." "काढतो, काढतो. पण काका, रात्रीतून येऊन गेला असंल तं त्याच्यापाशी नक्कल राहते काही दिवस." "आलाय का?" "पाहून राहिलो." कालपासून ज्याच्या येण्यासाठी त्यांनी देव पाण्यात घातले होते, तो येऊ नये म्हणून ते आता डोळे मिटून बसले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना आठ पायांचं काहीतरी गणपतीच्या पानावरून खाली उतरताना दिसलं, सावकाश, आज्ञाधारक, त्यांनीच घातलेल्या वाटेनं, तेल्हाऱ्याच्या एका घराकडे. "नाही आला अजून," मोईज म्हणाला. "निघालं तिचं पान." उद्धवरावांच्या मनगटावर पेन्सिलीचं टोक टेकलं. "बाकीच्यांपैकी किती जणींची झाली असतील, बाबा?" श्रावणीनं विचारलं. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. वाट उघडण्याआधी त्यांनी एकीलाही विचारलं नव्हतं. मागं लिहितानाही विचारलं नव्हतं, पुढं आणतानाही नाही. "पुढचा नंबर," ती म्हणाली.

दिवसभर ते फोन करत राहिले, कोळ्याच्या आधी पोचायचं म्हणून. पाणी प्यायला उठले तरी फोन कानाला. अकरा नंबर बंद पडलेले. ती पानं श्रावणीनं काढायला लावली. सहा जणींची लग्नं झाली होती. माणिकबाई म्हणून एक होती, ती ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला; "म्हणजे तो बोअरवेलवाला पण नाही? मी तं त्याच्यासाठी केस काळे केले, मास्तर!" आशाबाईनं त्यांना अर्धा तास अशा शिव्या दिल्या, ज्यांतल्या काही त्यांनी शाळेत पस्तीस वर्षं काढूनही ऐकल्या नव्हत्या, आणि शेवटी म्हणाली, ठेवा पान, फोटो बदला. एका ठिकाणी बाईची मुलगी फोनवर आली. आई मागच्या पोळ्याला गेली, म्हणाली. कशी, ते श्रावणीनं विचारू दिलं नाही. "आईले कोणी पाहिलं होतं का?" मुलीनंच विचारलं. उद्धवरावांच्या जिभेवर एक माणूस उभा राहिला, चष्म्यासकट, हातात फुलं घेऊन. श्रावणी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "नाही, बाळ," ते म्हणाले. त्या एका शब्दाला दुपारची सगळी ताकद लागली.

पाच वाजून गेले तेव्हा यादीत एकच नाव उरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुझं..." "असं नाही," श्रावणी म्हणाली. "सगळ्यांना फोन करून विचारलंत. मलाही करा." ती उठली, मधल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. उद्धवरावांनी नंबर फिरवला. दाराआड घंटी वाजली, तीन वेळा, चार वेळा. "हॅलो. कोण बोलतंय?" आवाज फोनातून आला आणि दारातूनही आला, एक जरासा मागं. "मी... वधूवर सूचक मंडळातून बोलतोय." "बोला." "तुमचं पान आमच्याकडे वर्षभर आहे. आजवर ते कोणीही पाहिलेलं नाही. कोणी नकार दिलेला नाही. आम्ही सांगितलेली माणसं नव्हती. चूक माझी आहे. आता वाट जोडलीये, कोणीही पाहू शकेल." त्यांनी यादीतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही सांगायचं."

उद्धवरावांना वाटलं, आता ती म्हणेल, बाबा. आणि बॅग रिकामी करेल.

"ठेवा," ती म्हणाली. "पत्ता मात्र बदला. नांदगाव खंडेश्वर लिहा. उद्या सकाळच्या गाडीनं मी तिकडे जातेय."

"आणि कोणी आलं तर?"

"खरंच आलं," श्रावणी म्हणाली, "तरच कळवा."